चौकट क्रमांक एकोणीस

गुडघे टेकून मी मोजते आहे टीसडेलचा डोंगर,
एका वेळी एक मीटर.
लाकडी चौकट, आत सुतळीचे शंभर चौकोन,
आणि पेन्सिल, कारण शाई इथे टिकत नाही.
महिना मे. बोटं अजून जानेवारीतली.

माती कसली, साखरेसारखा भुगा झालेला चुनखडक.
त्यात थाइम, ओव्याच्या चुलत बहिणीसारखा वास.
लव्हाळीच्या तीन जाती, एकमेकींचे कपडे घालून बसलेल्या.
आणि नखाएवढं एकच जेन्शियन,
निळं. रकान्यात १.
एकूण सत्तावीस जाती,
चौघं जेवायला बसतील एवढ्या जागेत.

तारेपलीकडे वेगळा हिशेब.
तिथे चाळीस वर्षं मेंढी शिरलेली नाही.
फुलं वाचावीत म्हणून कुणा प्राध्यापकाने कुंपण घातलं,
आता आत गुडघाभर गवत,
वाऱ्याने भांग पाडलेलं, देखणं.
चालायला येणारे लोक फोटो त्याचेच काढतात.
मी ते हाताने दुभंगलं,
आई उवा बघताना केस करायची तसं.
खाली ओला पेंढा, शिळा अंधार.
नऊ जाती.
जेन्शियनचं एक पान होतं, पिवळं पडलेलं,
ते मोजावं की नाही, ठरेना.

एल्सी टॅलेंटायर चारचाकी फटफटीवरून आली,
मागे कुत्रा, पुढे थर्मास.
"मेंढी फुलं खाते म्हणता तुम्ही लोक.
खाते. पण सावली जास्त खाते."
मी हे लिहून घेतलं. समासात.

मग तिनेच बोट दाखवलं समोरच्या उतारावर,
पांढुरका, म्हाताऱ्या दाढीसारखा.
"तो माझा प्रताप.
सरकार तेव्हा डोक्यामागे पैसे द्यायचं,
आम्ही डोकी वाढवली.
नऊशे मेंढ्या. गोड ते सगळं त्यांनी वेचून खाल्लं,
उरलं ते तारेसारखं गवत, ज्याला त्या तोंड लावत नाहीत.
माझ्या आईला तिथल्या फुलांची नावं यायची.
मला नावं येत नाहीत, जागा आठवतात."
थर्मासचं झाकण तिने बराच वेळ फिरवलं,
लागलेलं असूनही.

आता त्या उतारावर सहा काळ्या गायी आहेत.
गाय निवडत बसत नाही,
जिभेचा वेढा घालते आणि उपटते.
खुराने गवताची सतरंजी फाटते.
काल अशाच एका खुराच्या खड्ड्यात
मला तीन रोपं दिसली, दोन पानांची,
नाव सांगण्याइतकीही मोठी न झालेली.

साताऱ्याहून जयवंतमामाचा फोन येतो अधूनमधून.
"आमच्या पठारालाही घातली होती की जाळी.
म्हशी बंद झाल्या, गवत माजलं,
तेरडा शोधावा लागायला लागला.
मग काढली." पलीकडे तो तंबाखू मळत असतो.
"पण सगळ्या गावच्या म्हशी एकदम सोडल्या,
तर काय उरेल, तेही मला विचारू नकोस."

माझ्या फॉर्मवर दोनच चौकोन आहेत:
चराई आहे. चराई नाही.
किती, कोणाची, कुठल्या महिन्यात,
याला जागा ठेवलेली नाही.
एल्सीला दाखवलं. ती हसली नाही.
"हे बनवणाऱ्याने
कधी फाटक उघडलंय का, वेळेवर?
आणि बंद?"

बोलता बोलता पाठ वळली आमची.
फिरून बघते तर एक मेंढी चौकटीत पाय रोवून उभी,
शेजारी तिचं कोकरू सुतळी चघळत.
निळं कुठेच नव्हतं.
देठ होता, तिरका कापलेला, अर्ध्या पेराचा.

मी खोडरबर काढलं.
सत्तावीसचे सव्वीस.
एल्सी माझ्या शेजारी कुरकुरत्या गुडघ्यांवर बसली,
अंगठ्याने माती जरा सारली.
"मूळ आहे का?"
आहे.
"मग सत्तावीसच."